आत्याच्या राबाचं शेण

माझा धंदा मारहाणीचा आहे. लोकांना वाटतं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा माणूस म्हणजे मऊ, मिळमिळीत, चष्म्याआडून जगाला घाबरणारा प्राणी. वाटू द्यावं. प्रत्यक्षात आमच्याकडे दिवसाची सुरुवात घणाने होते. खडकाचा तुकडा ऐरणीवर ठेवायचा आणि त्याची हाडं मोडायची. मग खलात घालून कुटायचा. मग त्याच्यावर आम्ल ओतायचं, तेव्हा तो फसफसतो, फुत्कारतो, भांड्याबाहेर यायला बघतो. तो दमला की दुसरं आम्ल. हे दुसरं काच खातं, म्हणून ते प्लास्टिकच्या भांड्यात नांदतं. हातावर सांडलं तर आधी काहीच दुखत नाही. दुखू लागतं तेव्हा ते हाडापाशी जाऊन बसलेलं असतं. माझ्या डाव्या करंगळीचं टोक त्यानेच नेलं. मी अजून त्याच्यावर रागावलेलो नाही.

एवढा छळ झाल्यावर भांड्याच्या तळाशी चिमूटभर काळा गाळ उरतो. त्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे पराग असतात, नेच्यांचे बीजाणू असतात, शेवाळाच्या गोळ्या असतात. खडक विरघळतो, हे विरघळत नाहीत. घण, खल, दोन्ही आम्लं, सगळ्यांना पुरून उरलेले हे पैलवान मी काचपट्टीवर घेतो, खोलीत अंधार करतो आणि त्यांच्यावर मर्क्युरीच्या दिव्याचा निळा प्रकाश सोडतो. मग ते चमकतात, किंवा चमकत नाहीत. माझं पोट या एवढ्यावरच चालत आलं आहे.

चमक म्हणजे काय, ते आमच्या साखरशेत गावातल्या कुणालाही चुलीपाशी बसवून सांगता येतं. जमिनीच्या पोटातली उष्णता म्हणजे तवा, आणि खडक म्हणजे नाचणीची भाकरी. पराग हिरवट-पिवळे चमकले तर भाकरी कच्ची. सोनेरी, नारिंगी चमकले तर नेमकी भाजलेली, खडकातून तेल सुटण्याच्या बेतात. तांबूस, मंद झाले तर जास्त झाली. आणि चमकलेच नाहीत, काळे-तपकिरी मुके पडून राहिले, तर करपली. त्या खडकातून तेल निघायचं ते निघून गेलं, नाहीतर जळून गेलं. खनिज तेल शोधणारे लोक एवढं ऐकण्यासाठी आमच्यासारख्यांना पोसतात.

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात असे लोक थेट माझ्या आत्याच्या शेतात येऊन उभे राहिले.

आत्या मोखाड्याजवळच्या पोशेऱ्याला दिलेली. नवरा लवकर गेला, मुलगे पाऊस लागेपर्यंत ठाण्याकडे बांधकामांवर. शेती एकटीची. आणि आत्या म्हणजे काय, हे सांगताना मला अजून हुरूप येतो. तिने एकदा घरात शिरलेल्या रानडुकराच्या थोबाडावर पहार घातली होती आणि डुक्कर गेल्यावर पहार वाकली म्हणून डुकराला शिव्या दिल्या होत्या. लहानपणी मी तिच्या मडक्यातला गूळ चोरला, तेव्हा तिने चुलीतलं जळतं लाकूड फेकलं. ते माझ्या कानाजवळून गेलं. नेम चुकला म्हणून ती दिवसभर खट्टू होती.

तर ही आत्या घरातल्या एका लग्नाला आमच्याकडे साखरशेतला आलेली. परत गेली तो शेताच्या मधोमध बोअर मारायचा लोखंडी मनोरा उभा. शेजारी ट्रक, डिझेलची पिंपं, तंबू, आणि तंबूत टेबलावर वरण-भात जेवत बसलेले साहेब. कुणीतरी सरकारी माणूस म्हणे त्यांना म्हणाला होता, पीक निघालंय, आता कोण बोलणार. साहेबांनाही ट्रक जाईल अशी सपाट जागा त्या सगळ्या डोंगरउतारात ही एकच सापडली होती. ती आत्याचीही एकच होती. बाकी तिच्याकडे नाचणीचा उतार. भात लावायला हा एवढाच तुकडा, आणि रोपांसाठी राब भाजायलाही याच तुकड्याचा कोपरा.

आत्या घरी गेली, कोयता घेऊन आली आणि तंबूच्या दोऱ्या तोडल्या. तंबू साहेबांवर बसला. आत वरण-भातासकट साहेब हलू लागले, तसा तिने तंबूचाच एक बांबू उचलला आणि कापडाला जिथे जिथे टेंगूळ येईल तिथे तिथे मारत सुटली. शेवटी बोअरच्या मिस्त्रीने तिला कमरेतून उचलून बांधावर नेऊन ठेवली. मिस्त्री उत्तरेकडचा, दरवाजाएवढा माणूस. आत्याने त्याच्या दंडाला असा चावा घेतला की दातांची खूण पुढे महिनाभर तो सगळ्यांना बाही वर करून दाखवत होता, जरा अभिमानानेच.

साहेब पुण्याचे. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ घेऊन ते मला म्हणाले, "आपल्या आत्याबाईंना आवरा." मी तेव्हा तिशीचा, मुंबईच्या प्रयोगशाळेतून त्यांच्याबरोबर पाठवलेला. माझं सामान जव्हारला एका भाड्याच्या घरात मांडलेलं होतं. नमुना खाली मुंबईला पाठवून उत्तराची वाट बघण्याइतका साहेबांना धीर नव्हता. धीर त्यांना कशालाच नव्हता. पंपावरच्या माणसाला ते पाण्याची टाकी उशिरा भरली म्हणून थोबाडीत देत आणि मग शुद्ध भाषेत सांगत, "ही आपल्याला समज आहे." पोचे आलेली शिरस्त्राणं, वाकलेली फुटपट्टी, फुटलेला थर्मास, त्यांच्या मागून जाताना रणांगणातून गेल्यासारखं वाटायचं.

त्यांचं म्हणणं असं होतं. आपले हे डोंगर म्हणजे लाव्हाचे थर, एकावर एक ओतलेले. पण लाव्हा मध्येच थांबायचा तेव्हा तळी व्हायची, तळ्यांत गाळ बसायचा, गाळात पराग पडायचे. मग वरून पुन्हा लाव्हा. या काळ्या दगडाच्या खूप खाली, लाव्हाच्याही आधीचा जुना गाळ आहे आणि त्यात तेल असू शकतं, ही साहेबांची आयुष्यभराची आशा. बोअर वाटेतल्या त्या मधल्या गाळापर्यंत पोचला की मी तो तपासायचा. तो करपलेला निघाला तर त्याखालचं सगळं त्याहून करपलेलं, गाशा गुंडाळायचा. कच्चा निघाला तर खाली भाकरी नीट भाजलेली असण्याची आशा, मग पावसाळाभर मुक्काम, दुसरा बोअर, पक्की शेड, सगळं आत्याच्या त्याच तुकड्यात.

साहेबांनी आत्याला माझ्यामार्फत शब्द दिला की राब भाजायच्या आधी जाऊ. आत्याने मान हलवली. साहेबांवर तिचा विश्वास नव्हता, माझ्यावर तर त्याहून नव्हता.

उन्हाळा चढला. समोरच्या उतारांवर लोकांचे राब धुमसू लागले. राब म्हणजे पेरणीआधी शेताचा एक तुकडा भाजायचा: खाली वाळलेल्या शेणाचा थर, वर ऐनाच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सगळ्यावर माती भुरभुरायची आणि वाऱ्याची दिशा बघून आग लावायची. त्या भाजलेल्या मातीत भाताचं रोप जोमाने येतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर लावणी नाही. आत्याने दिवाळीपासून गोठ्याबाहेर शेण साठवून ढीग केला होता, फांद्या तोडून रचल्या होत्या. आणि राबाच्या जागेवर डिझेलची पिंपं उभी होती.

तिकडे बोअर मात्र मरायला टेकला होता. नळातून पाणी खाली सोडायचं, ते दगडाचा चुरा घेऊन वर यायचं, खड्ड्यात साचायचं, पुन्हा खाली सोडायचं, अशी ती रीत. पण खाली लाव्हाला कुठेतरी मोठी भेग होती आणि भोक पाणी पिऊन टाकत होतं. टँकरच्या टँकर जात, थेंब परत येत नसे. हे मोखाड्याच्या उन्हाळ्यात. पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन आटलेल्या झऱ्याशी बसायच्या आणि त्यांच्या डोळ्यांसमोरून टँकर भोकाला पाजायला जायचा. एके दिवशी मनोऱ्यावरची साखळी तुटली, फटक्यासरशी एका मदतनिसाचा जबडा निखळला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मिस्त्रीच्या अंगावर पाना फेकला. मिस्त्रीने तो झेलला आणि वाकवून परत दिला. साहेब जव्हारला मुंबईशी फोनवर बोलायला आले तेव्हा त्यांचं ठरलेलं होतं: पाणी थांबलं नाही तर आठवड्यात बोअर बंद.

पुढे जे झालं ते मला नंतर कळलं, पण मी तुम्हाला आत्ताच सांगतो, कारण गुपित पोटात ठेवून बसण्याचा माझा स्वभाव नाही.

साहेब जव्हारला गेलेले पाहून आत्याने ठरवलं, भोकच मारायचं. नरडं दाबलं की काहीही मरतं, असा तिचा अनुभव. आणि नरड्यात कोंबायला तिच्याकडे एकच गोष्ट भरपूर होती. तिने राबाचं शेण पाटीत भरलं, डोक्यावर घेतलं, सरळ खड्ड्यापाशी आली आणि पाण्यात ओतलं. पंपावरचा माणूस आडवा आला, त्याला रिकाम्या पाटीने तोंडावर हाणलं. दुसरी पाटी आणली. पंप चालूच होता, शेणाचं पाणी नळातून खाली गेलं. सगळे बघत राहिले. आणि थोड्या वेळाने नळाभोवतीच्या जागेतून पाणी वर आलं. दाट, हिरवट, फेसाळ, पण वर आलं. शेण जाऊन भेगेत बसलं होतं.

मिस्त्रीला हे औषध ठाऊक होतं. जुने बोअरवाले भेगा बुजवायला शेण, भुसा, काय वाटेल ते घालत. पण साहेबांनी सक्त ताकीद दिली होती की माझ्या भोकात घाण जाता कामा नये, नमुने बिघडतात. आता घाण आपल्या पायांनी चालत आली होती. मिस्त्री हात वर करून नाचला आणि ओरडला, "और लाओ, मौसी, और लाओ."

आत्याला वाटलं, हा आपल्याला खिजवतोय. मग ती थांबते कशाला. तिने ढीगच्या ढीग आणून ओतला. गोठ्याबाहेरची जमीन खरवडून आणली. शेवटच्या पाट्या तर तिने मिस्त्रीच्या अंगावरच उलट्या केल्या, आणि तो शेणाने माखलेला राक्षस हसत हसत ते अंगावरचं शेण निपटून खड्ड्यात टाकत होता. आत्या घरी गेली ती युद्ध जिंकल्यासारखी. मिस्त्रीने मदतनिसांना दम भरला, की जो साहेबांना शेणाबद्दल बोलेल त्याला नळाबरोबर खाली सोडीन.

बोअर लोण्यात सुरी जावी तसा खाली गेला आणि थोड्याच दिवसांत त्या मधल्या काळ्या गाळाला लागला.

नमुना माझ्याकडे आला. मी फोडला, कुटला, आम्लात घातला. खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. भर दुपारी आत काळोख, बाहेर उन्हाने पत्रे कडकडतायत, आणि मी उघड्या अंगाने घाम पुसत दिव्याखाली वाकलेलो. साहेब माझ्या मानेवर श्वास सोडत उभे. निळा प्रकाश सोडला.

आधी दिसले ते मेलेले. चपटे, तपकिरी-काळे, पापडासारखे दाबलेले पराग, निळ्या प्रकाशाला दाद न देणारे. आणि त्यांच्यामध्ये, देवाशपथ, लिंबाच्या रंगाचे दिवे. गोल, टपोरे, एकेक बारीक भोक असलेले, जत्रेतल्या बल्बांसारखे लखलखणारे. साहेबांनी मला खुर्चीवरून ढकललं आणि डोळा लावला. मग त्यांच्या तोंडातून जो आवाज आला तो माणसाचा नव्हता. त्यांनी मला मिठी मारली, माझ्या पाठीत गुद्दे घातले, टेबलावर बुक्की मारली. "कच्चा आहे," ते म्हणाले. "खाली भाजलेलं आहे. मी सांगत होतो."

मी म्हटलं, साहेब, थांबा. हे चमकणारे फुगलेले आहेत. कोट्यवधी वर्षं दगडाखाली दबलेला पराग फुगलेला राहत नाही. आणि हे गवताचे आहेत. आजच सकाळी फुलोऱ्यातून उडाल्यासारखे. काहीतरी बाहेरून शिरलंय.

साहेबांनी माझी मान धरली आणि मला भिंतीवर आदळलं. शेल्फ हललं, आम्लाचं भांडं खाली पडलं, शहाबादी फरशी फसफसून धूर सोडू लागली. त्या धुरात, नाकाला नाक लावून, त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं, "माझ्या बोअरमध्ये गवत कुठून येईल? पाताळात कुरणं आहेत काय?" आणि उत्तराची वाट न बघता मुंबईला फोन करायला गेले. दुसरा बोअर. शेडसाठी सिमेंट. शेत सपाट करायला बुलडोझर.

गवत कुठून येईल, हे शोधायला मी संध्याकाळच्या आत पोशेऱ्याला पोचलो. बोअरवर कुणी काही बोलेना. मिस्त्री माझ्याकडे बघून गोड हसला, म्हणजे काहीतरी होतंच. मी आत्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. तिने पाणी दिलं आणि माझ्या मानेवरचे बोटांचे वळ बघून विचारलं, कुणी धरलं. मी म्हटलं, साहेबाने. ती म्हणाली, तुला धरता येत नाय काय. मग तिला विजय सांगायचाच होता.

"मीच मारलं त्या भोकाला," ती म्हणाली. "मना आखा राब कोंबला त्याच्या नरड्यात. सगळं शेण. आता श्वास घे म्हणावं."

मला हसू फुटलं. इतकं, की मी ओट्यावरून खाली घसरलो. गुरं पाऊस सरल्यापासून गवत खातात, भाताचा पेंढा खातात. गवताचे पराग त्यांच्या पोटातून न मरता बाहेर येतात आणि शेणात तसेच्या तसे बसतात. जव्हारच्या अंधारात साहेबांची जी आशा लखलखत होती ती आत्याच्या दोन गायींनी आणि एका म्हाताऱ्या बैलाने चरून तयार केली होती. आत्याने मला केरसुणीने मारलं, कारण तिला वाटलं मी तिला हसतोय.

"आत्ये, ऐक," मी म्हटलं. "तू त्याला मारलं नाहीस. तो मरत होता. पाणी जात होतं सगळं, ते जाणार होते निघून. तुझ्या शेणाने भेग बुजली. म्हणून ते राहिलेत."

ती खाली बसली. केरसुणी हातातच. मी उरलेलं सांगितलं: शेणातलं गवत काचेखाली चमकलं, साहेबाला वाटलं ते दगडातलं, आता पावसाळाभर इथेच, बुलडोझर येतोय.

"तो मिस्त्री नाचत होता तो त्याच्यासाठी?"

"हो."

"आणि मी आणून आणून दिलं."

एवढंच बोलून ती उठली. माझ्यातल्या शहाण्या माणसाने तिला अडवायला हवं होतं. पण खरं सांगू, मला बघायचं होतं.

आत्या उतारावरून जाताना झऱ्याशी बसलेल्या बायांना दोनच वाक्यं बोलली, तेवढी पुरली. त्या बायांचा टँकरवरचा राग उन्हाळाभर पिकत होता. हंड्यांसकट त्या निघाल्या. मिस्त्री जेवायला बसला होता, हे त्याचं नशीब वाईट. आत्याने आधी त्याच्या ताटाला लाथ मारली, मग त्याच्या डोक्यात पितळी हंडा घातला, तोही रिकामा नव्हे. हंड्याला पोचा आला, मिस्त्रीच्या डोक्याला खोक पडली, आणि रक्त त्याच्या डोळ्यांत उतरलं तरी तो बसल्या बसल्या म्हणत होता, "मौसी, मेरी क्या गलती." मदतनीस धावले. पाड्यावरचे पुरुष धावले. नळाच्या दांड्या, काठ्या, दगड. कुणाचा खांदा निखळला, कुणाचं नाक फुटलं. एका बाईने पंपावरच्या माणसाचे केस धरून त्याचं तोंड त्या हिरव्या खड्ड्यात बुडवलं, वर काढलं, पुन्हा बुडवलं. तेवढ्यात साहेबांची जीप आली. पहिल्या दगडाने काच गेली. दुसरा, साहेबांसाठी सोडलेला, मला लागला. भुवईवरची ही खूण त्याचीच.

मी रक्त पुसत जीपच्या बॉनेटवर चढलो आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठ्या आवाजातलं वाक्य बोललो. साहेब, गवत कुठून आलं ते ही बाई दाखवते, आणि तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघा, आणि मग ज्याला मारायचं त्याला मारा. साहेबांना आपल्या दिव्यांचा इतका भरवसा होता की ते लगेच हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जव्हारच्या त्या काळोख्या खोलीत आम्ही तिघं होतो. साहेब, मी डोक्याला पट्टी बांधलेला, आणि आत्या, मांडीवर पानात गुंडाळलेलं त्या सकाळचं ताजं शेण घेऊन. ते तिने दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नव्हतं, म्हणाली, बदलाल. मी चिमूटभर घेतलं, धुतलं, चाळलं, काचपट्टीवर ठेवलं. निळा प्रकाश सोडला आणि बाजूला झालो.

साहेबांनी डोळा लावला. बराच वेळ लावला. लिंबाच्या रंगाचे तेच टपोरे दिवे.

मग मी त्यांच्या देखत बोअरच्या नळातून अखंड निघालेली गाळाची कांडी घेतली. तिचं वरचं साल, जिथे शेणपाणी लागलं होतं, ते छिन्नीने काढून टाकलं, आतला गाभा फोडला आणि त्याचं सगळं पहिल्यापासून केलं, घणापासून. पुन्हा सूक्ष्मदर्शकापाशी बसेपर्यंत उन्हं कलली होती. आत्या त्या वेळात भिंतीला टेकून झोपून उठली. काचेखाली आता फक्त चपटे पापड होते. एकही चमकला नाही. करपलेली भाकरी.

"मना दाखव," आत्या म्हणाली. तिने आधी शेण पाहिलं, मग दगड. दगडाच्या काचपट्टीवर ती म्हणाली, "अठं तर काहीच नाय."

"काहीच नाही," साहेब म्हणाले. त्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा हळू ऐकला. मग त्यांनी माझा घण घेतला आणि खोलीतल्या उरलेल्या कांड्यांवर असे तुटून पडले की चुरा आमच्या केसांत गेला. आम्ही त्यांना अडवलं नाही. आत्या तर लक्ष देऊन बघत होती, जसा एखादा जुना पैलवान नव्याचे डाव बघतो.

पण माघारही साहेबांना शिस्तीत हवी होती. सामान मोजायचं, मोठा ट्रक मागवायचा, वरून हुकूम यायचा. शेत मोकळं व्हायला पंधरवडा लागेल, असं त्यांनी मला आत्याला सांगायला सांगितलं. आभाळ तेव्हा पश्चिमेकडून भरू लागलं होतं. पावसाआधी राब भाजला नाही तर त्या वर्षी तिचं भात नाही. मी तिला पंधरवडा सांगितला. ती म्हणाली, बरं.

परत गेल्यावर तिने पाहिलं की शेणाचा ढीग तर संपला, पण खड्ड्याकाठी उपसून टाकलेला तो हिरवा चिखल उन्हात वाळून पापुद्रे झाला होता. तिने तो राबाच्या जागेवर पसरला, पिंपांच्या चारही बाजूंनी. त्यावर ऐनाच्या फांद्या. गवत कमी पडलं, तेव्हा बोअरच्या कांड्या ठेवायच्या माझ्या लाकडी पेट्या उचलल्या, कांड्या बांधावर ओतल्या आणि पेट्या फोडून वर टाकल्या. मिस्त्री डोक्याला पट्टी बांधून हे बघत होता आणि त्याला वाटलं, बाई सामान हलवायला मदत करतेय. मग आत्याने ओंजळीतून धूळ सोडून वाऱ्याची दिशा पाहिली. वारा मनोऱ्याकडे होता.

"ए," ती मिस्त्रीला म्हणाली. "मना राब आहे. मी पेटवते."

आणि पेटवला.

पेट्या न्यायला मी तेवढ्यात पोचलो, आणि त्यानंतर जे पाहिलं त्याची बरोबरी कुठल्याही नाटकाने करून दाखवावी. मिस्त्री आणि त्याची माणसं, त्या मारामारीच्या जखमांसकट, ज्वाळांमधून डिझेलची पिंपं लोळवत नेतायत. एक जण शर्ट पेटला म्हणून खड्ड्यात उडी मारतोय. ज्या बायांनी त्यांची डोकी फोडली होती त्याच आता बांधावरून सांगतायत, डावीकडून ने, डावीकडे वारा नाय. साहेब उरलेल्या तंबूच्या कापडाने आग झोडपतायत आणि तीच आग कापड धरून त्यांच्या मागे धावतेय. कुणी मोजलं नाही, कुणी हुकमाची वाट बघितली नाही. पंधरवड्याचं काम सूर्य डोंगराआड जायच्या आत झालं. मनोरा खाली आला, नळ ट्रकवर फेकले गेले, आणि ट्रक घाटाला लागला तेव्हा मागच्या फळीवर बसलेल्या मिस्त्रीने आत्याला हात जोडले. साहेबांच्या भुवया जळाल्या होत्या. त्यामुळे ते चकित झाल्यासारखे दिसत होते, आणि पुढे मुंबईत अनेक दिवस तसेच दिसत राहिले.

आत्या काठीने निखारे सारखे करत राबाभोवती फिरत होती. मी जवळ गेलो आणि म्हटलं, आत्ये, माझ्या पेट्या जळाल्या.

तिने न बघता काठी माझ्या पोटरीवर मारली. "तिकडे विझतंय," ती म्हणाली. "उभा काय राहतोस, फांदी टाक."